साधी गाठ, पण तारीख चुकवू नका
मेनिंजिओमा झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

‘मेंदूत गाठ आहे’ हे शब्द कानावर पडले की काही घरांत त्याच दिवशी रडारड सुरू होते आणि शेत गहाण टाकायच्या गोष्टी निघतात. काही घरांत मात्र ‘साधी गाठ आहे, कॅन्सर नाही’ एवढंच डोक्यात राहतं आणि फाइल कपाटात जाते, ती पुढचा झटका येईपर्यंत निघत नाही. गाठीचं नाव मेनिंजिओमा असेल, तर दोन्ही घरं चुकतात. ही गाठ बहुतेकदा सावकाश वाढते, बहुतेकदा बरी होते; पण तिच्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवावी लागते, आणि ते काम डॉक्टरपेक्षा घरच्यांचं जास्त आहे.

मूल, सावली, सिंदेवाही, पोंभुर्णा आणि वैनगंगेपलीकडचं गडचिरोली, चामोर्शी या पट्ट्यात तर ते आणखीच महत्त्वाचं. चंद्रपूर मूलपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर आहे, पण मेंदूची मोठी शस्त्रक्रिया म्हटली की बहुतेकांना नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगीची वाट धरावी लागते. दर खेपेला मजुरी बुडते, सोबतीला माणूस लागतो. अशा वेळी कोणती खेप टाळली तरी चालेल आणि कोणती अजिबात टाळायची नाही, हे रुग्णाला स्वतःला कळलं पाहिजे.

ही गाठ कुठं होते

मेंदूभोवती तीन आवरणं असतात. कवटीला लागून असलेलं जाड आवरण म्हणजे ड्युरा, मधलं नाजूक आवरण अरॅक्नॉइड आणि मेंदूला अगदी चिकटलेलं पातळ आवरण पिया. मेनिंजिओमा मधल्या आवरणाच्या पेशींतून उगवतो आणि ड्युराला धरून वाढतो. म्हणजे गाठ डोक्याच्या आत असली, तरी मेंदूच्या पेशींतून झालेली नसते. मणक्यातल्या मज्जारज्जूभोवतीही हीच आवरणं असल्यामुळे ती तिथंही होते. अमेरिकी शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी १९२२ साली तिला मेनिंजिओमा हे नाव दिलं.

मोठ्या माणसांत मूळ डोक्यातच सुरू होणाऱ्या गाठींमध्ये ही सगळ्यांत जास्त आढळते. अमेरिकेच्या नोंदींत अशा गाठींपैकी एक तृतीयांशाहून अधिक याच असतात. पुरुषांपेक्षा बायकांत ती दुपटीनं दिसते आणि वय वाढतं तसं प्रमाण वाढतं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात सुमारे २,००० मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांचे एमआरआय निव्वळ अभ्यासासाठी काढले होते. त्याचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यांत ०.९ टक्के लोकांच्या डोक्यात मेनिंजिओमा निघाला. तेव्हा दुचाकीवरून पडल्यामुळे सीटी स्कॅन काढला आणि त्यात अचानक ही गाठ दिसली, तर ती बरीच वर्षं तिथं मुक्कामाला असण्याचीच शक्यता जास्त.

वाढणं वेगळं, घुसणं वेगळं

गाठीबद्दल डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायच्या: ती कुठं आहे, किती वेगानं वाढते आहे आणि आजूबाजूला किती शिरली आहे. पुढचा सगळा निर्णय या तीन उत्तरांवर ठरतो.

आधी वेग. सहज सापडलेल्या लहान गाठींपैकी अनेक वर्षानुवर्षं आहे तेवढ्याच राहतात. ज्या वाढतात, त्याही सहसा वर्षाला एक-दोन ते चार मिलिमीटरच्या चालीनं. म्हाताऱ्या माणसातली, लहान आणि आत कॅल्शियम साचून कडक झालेली गाठ बहुधा सुस्त असते. तरुण माणसातली, मुळातच मोठी आणि भोवतीच्या मेंदूला सूज आणणारी गाठ जास्त लक्ष मागते. इथं एक हिशेब ध्यानात ठेवावा. रिपोर्टमध्ये मापं सेंटिमीटरमध्ये असतात, पण गाठ चारी बाजूंनी फुगते. व्यास दोनचा तीन सेंटिमीटर झाला, तर आतला ऐवज तिपटीहून जास्त झालेला असतो. ‘एकच सेंटिमीटर तर वाढली’ असं म्हणून सोडून देऊ नका.

आता शिरकाव. बहुतेक मेनिंजिओमा धुरा सरकवणाऱ्या शेजाऱ्यासारखे असतात: मेंदूला ढकलतात, दाबतात, पण हद्द सोडून आत येत नाहीत. काही मात्र धुरा ओलांडून थेट आपल्या बांधीत रोवणी करतात. हा शिरकाव तीन प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा.

पहिला हाडात. गाठीच्या पेशी कवटीत शिरल्या की हाड जाड होतं, कधी डोक्यावर बाहेरून टेंगूळ हाताला लागतं. डोळ्यामागच्या हाडात असं झालं, तर एक डोळा बाहेर आल्यासारखा दिसतो. हाडात शिरली म्हणून गाठ वाईट जातीची ठरत नाही, पण शस्त्रक्रियेत तेवढं हाडही काढावं लागतं.

दुसरा मोठ्या शिरांत. डोक्याच्या मध्यरेषेवर पुढून मागे जाणारी एक मोठी रक्तवाहिनी असते, तिला सुपिरियर सॅजिटल सायनस म्हणतात. गाठ तिच्या भिंतीत गेली असेल, तर ओढून काढताना प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी सर्जन मुद्दाम थोडा भाग मागे ठेवतो. ‘डॉक्टरनं अर्धवट ऑपरेशन केलं’ अशी तक्रार करण्याआधी गाठ शिरेला चिकटलेली होती का, हे विचारून घ्या.

तिसरा थेट मेंदूत. गाठीच्या पेशी पियाचं पातळ आवरण भेदून मेंदूच्या पेशींमध्ये बोटं घालतात. हा शिरकाव एमआरआयवरून खात्रीनं सांगता येत नाही; काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणापासून एवढ्या एका कारणावरून गाठ दुसऱ्या, म्हणजे पुन्हा येण्याकडे झुकणाऱ्या श्रेणीत धरतात.

वेग आणि शिरकाव हातात हात घालून चालतातच असं नाही. डोळ्यांच्या मागे, कवटीच्या तळाशी बसलेली गाठ वाढायला दशकं घेते आणि तरीही नसा-धमन्यांभोवती अशी वेटाळते, की पूर्ण काढता येत नाही. माथ्याजवळची गाठ झपाट्यानं वाढलेली असली, तरी एका बैठकीत मुळासकट निघू शकते.

लक्षणं जागेवरून ठरतात

डोकं दुखणाऱ्या शंभर माणसांत गाठ असलेला क्वचितच एखादा सापडेल, तेव्हा प्रत्येक डोकेदुखीवर एमआरआयची मागणी करू नका. पण काही गोष्टी दिसल्या तर उशीर नको.

• वयाच्या विशी-तिशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा आलेला झटका, म्हणजे ज्याला आपण मिरगी किंवा फीट म्हणतो. एकाच हाताची किंवा पायाची फडफड झाली आणि शुद्ध गेली नाही, तरी तो झटकाच असतो.

• एका पायातली चप्पल चालताना वारंवार निसटणं, तो पाय घासत चालणं. मध्यरेषेवरची गाठ पायाच्या केंद्रावर दाब आणते तेव्हा असं होतं.

• महिनोन् महिने हळूहळू वाढत गेलेली अंगाच्या एका बाजूची कमजोरी. लकवा क्षणात येतो. गाठीची कमजोरी चोरपावलांनी येते. गडचिरोलीतल्या सर्च संस्थेच्या अभ्यासात गावांतल्या मृत्यूंचं सगळ्यांत मोठं कारण लकवाच निघालं होतं. त्यामुळे इथं प्रत्येक कमजोरीला लकवा म्हणायची सवय आहे. ती कमजोरी कशी सुरू झाली, हे डॉक्टरांना नीट सांगा.

• वास न येणं. मोहफुलांच्या दिवसांत सगळं घर घमघमत असतं आणि एखाद्याला काहीच जाणवत नाही, सर्दीही नसते. कपाळामागच्या तळाशी गाठ असेल, तर आधी वास जातो.

• स्वभाव बदलणं. मेहनती माणूस तासन् तास बसून राहतो, अंघोळीची सुध राहत नाही, लाज वाटत नाही. घरचे त्याला म्हातारपण म्हणतात, दारूचा परिणाम म्हणतात किंवा बाहेरचं लागलं म्हणून पुजाऱ्याकडे नेतात. कपाळामागची गाठ बरीच मोठी होईस्तोवर एवढंच एक लक्षण दाखवू शकते.

• एका डोळ्याची नजर हळूहळू मंदावणं, चष्मा बदलूनही फरक न पडणं. किंवा एकाच कानानं ऐकू कमी येणं.

• पहाटे जास्त दुखणारं डोकं आणि सोबत उलटी.

• दोन्ही पाय जड होणं, चालताना तोल जाणं, लघवीवर ताबा न राहणं. हे मणक्यातल्या गाठीचं लक्षण असू शकतं.

झटका आला म्हणजे गाठच असते असं नाही. आपल्या भागात तापासोबत झटके आले, तर पहिली रक्ततपासणी मलेरियाची. मेंदूतला फीतकृमीचा अंश आणि क्षयाची गाठ हीसुद्धा झटक्यांची नेहमीची कारणं आहेत आणि ती औषधांनी बरी होतात. क्षयाची गाठ आवरणावर बसली, तर एमआरआयवर कधी कधी मेनिंजिओमासारखीच दिसते. म्हणून क्षयरोग घरात कुणाला झाला असेल, तर तो लपवू नका.

झटका चालू असताना रुग्णाला कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ ठेवा, भोवतालचं टोकदार सामान हलवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही किंवा एका पाठोपाठ दुसरा आला, तर लगेच १०८ ला फोन करा.

एमआरआयचा कागद कसा वाचायचा

रिपोर्ट इंग्रजीत असतो, पण पाच-सहा शब्द ओळखता आले तरी डॉक्टरांशी बोलणं सोपं जातं. ‘एक्स्ट्रा-अ‍ॅक्सियल’ म्हणजे गाठ मेंदूच्या बाहेर, आवरणात आहे. मेनिंजिओमाची ही पहिली खूण. ‘ड्युरल टेल’ म्हणजे गाठीला लागून आवरणाची जाड झालेली शेपटी. ती बहुधा याच गाठीत दिसते, पण फक्त याच गाठीत नाही. ‘पेरिलिजनल इडिमा’ म्हणजे भोवतीची सूज. ‘हायपरऑस्टोसिस’ म्हणजे हाड जाड झालं. ‘मिडलाइन शिफ्ट’ म्हणजे दाबामुळे मेंदू मध्यापासून सरकला. त्यापुढचा मिलिमीटरचा आकडा मोठा असेल, तर घाई करावी लागते. आणि ‘सायनस’ हा शब्द दिसला, तर शीर पूर्ण बंद झाली आहे की थोडी उघडी आहे, हे विचारा.

तपासणी काँट्रास्टचं इंजेक्शन देऊनच करावी लागते, नाहीतर लहान गाठ किंवा मागे राहिलेला अंश सुटतो. त्याआधी मूत्रपिंडाची साधी रक्ततपासणी करून घ्या. पेसमेकर, अंगात बसवलेली पट्टी किंवा छर्रा असेल, तर आधीच सांगा.

कागदापेक्षा चित्रं महत्त्वाची. पुढच्या वेळी डॉक्टर जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवून वाढ मोजतात. निव्वळ रिपोर्ट नेला, तर त्यांना मोजायला काही उरत नाही. सीडी मागून घ्या आणि ती पावसाळ्यात खराब होण्याआधी एका पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. शक्य असेल तर दरवेळी एकाच केंद्रावर तपासणी करा.

थांबायचं की काढायचं

गाठ लहान आहे, त्रास काही नाही, सूज नाही, अशा वेळी डॉक्टर ‘फक्त लक्ष ठेवू’ म्हणाले, तर ते टाळाटाळ करत नाहीत. हा मान्यताप्राप्त उपचार आहे. युरोपातल्या मेंदूच्या गाठींच्या तज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार अशा वेळी पहिला एमआरआय सहा महिन्यांनी, मग पाच वर्षं दरवर्षी आणि त्यानंतर दोन वर्षांतून एकदा करावा. रुग्ण फार वृद्ध आणि इतर आजारांनी थकलेला असेल, तर तपासण्या कमीही करता येतात. तेही डॉक्टरांशी बोलूनच.

त्रास सुरू झाला, गाठ वाढताना दिसली, नजरेच्या नसेजवळ आली किंवा मेंदू सरकला, तर शस्त्रक्रिया. कवटीचा तुकडा उघडून गाठ, तिचं मूळ असलेला ड्युराचा भाग आणि बाधित हाड काढतात. मेनिंजिओमावर हाच मुख्य उपाय आहे. ही गाठ विरघळवणारी गोळी, इंजेक्शन किंवा जडीबुटी आज उपलब्ध नाही. कुणी तसं छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्याकडे दवडलेले महिने नजरेच्या किंवा पायाच्या किमतीवर जातात.

तीन सेंटिमीटरच्या आतल्या, अवघड जागी असलेल्या किंवा शस्त्रक्रियेत मागे राहिलेल्या अंशासाठी नेमक्या जागी तीव्र किरण देणारी रेडिओसर्जरी वापरतात. तिला गामा नाइफ किंवा सायबर नाइफ अशी यंत्रांवरून पडलेली नावं आहेत. तिनं गाठ नाहीशी होत नाही, तर वाढायची थांबते. ‘गाठ अजून दिसतेच आहे’ म्हणून उपचार फसला असं समजू नका. मोठ्या भागाला किरण द्यायचे, तर ते आठवड्यातून पाच दिवस, साधारण सहा आठवडे चालतात. तेवढे दिवस कुठं राहायचं, हे आधी ठरवा. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना धर्मशाळेची सोय विचारा.

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट

शस्त्रक्रियेनंतर आठ-दहा दिवसांत येणारा पॅथॉलॉजीचा कागद हा सगळ्या फाइलमधला सगळ्यांत मोलाचा कागद. टाके काढले, माणूस घरी आला आणि हा कागद रुग्णालयातच राहिला, असं फार घडतं. तो हातात घेतल्याशिवाय परतू नका.

त्यावर श्रेणी लिहिलेली असते. सुमारे ८० टक्के गाठी पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे साध्या. १५ ते २० टक्के दुसऱ्या श्रेणीच्या; त्या पुन्हा येण्याकडे झुकतात. एक ते तीन टक्के तिसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे कॅन्सरसारखं वागणाऱ्या. श्रेणी कशी ठरते? विभागणाऱ्या पेशी मोजून. सूक्ष्मदर्शकाच्या दहा मोठ्या क्षेत्रांत चार ते एकोणीस विभाजनं दिसली, तर दुसरी श्रेणी. वीस किंवा जास्त दिसली, तर तिसरी. मेंदूत शिरकाव दिसला, तरी दुसरी. २०२१ पासून काही जनुकीय दोषांनाही मान मिळाला आहे. टर्ट प्रमोटर किंवा सीडीकेएनटूए/बी यांत ठरावीक बिघाड सापडला, तर पेशी दिसायला कशाही असोत, गाठ तिसऱ्या श्रेणीत जाते. ही तपासणी प्रत्येकाला लागत नाही. गाठ लवकर परतली किंवा रिपोर्ट दोन श्रेणींच्या मध्ये अडखळला, तर तिच्याबद्दल विचारा. ‘के-आय सिक्स्टी-सेव्हन’ पुढची टक्केवारी वाढीचा जोर दाखवते. जास्त असेल तर तपासण्या जवळजवळच्या ठेवतात.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात किंवा दुसरीकडे मत घ्यायचं असेल, तर कागद पुरत नाही. प्रयोगशाळेकडून काचपट्ट्या आणि मेणातला ठोकळा, म्हणजे स्लाइड आणि ब्लॉक, मागून न्यावे लागतात.

पुन्हा का येते आणि किती दिवस पाहायचं

कुशिंग यांनी १९१० साली अमेरिकी सैन्यातल्या जनरल लिओनार्ड वूड यांच्या डोक्यातला मेनिंजिओमा काढला. त्यानंतर हा माणूस लष्करप्रमुख झाला, फिलिपिन्सचा गव्हर्नर जनरल झाला. पण गाठ परत आली, पायावर परिणाम झाला आणि १९२७ साली पुन्हा केलेल्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा मृत्यू झाला. मधे सतरा वर्षं गेली होती. आजची शस्त्रक्रिया तेव्हापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. गाठीचा स्वभाव मात्र तोच आहे.

शल्यचिकित्सक डोनाल्ड सिम्पसन यांनी १९५७ साली शस्त्रक्रियेच्या पायऱ्या पाडून दाखवलं, की परतण्याची शक्यता किती भाग निघाला यावर अवलंबून असते. गाठ, आवरण आणि हाड सगळं निघालं, तर परतण्याचं प्रमाण नऊ टक्के. आवरण कापण्याऐवजी नुसतं भाजलं, तर १९. गाठ मागे राहिली, तर चाळीसच्या आसपास. हे आकडे सूक्ष्मदर्शकानं शस्त्रक्रिया करण्याच्या आणि सीटी-एमआरआयच्या आधीचे आहेत, पण सर्जन आजही याच पायऱ्या वापरतात. सुटी होताना ‘सिम्पसनची कितवी पायरी’ हे डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा. पुढं दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं, तर त्या एका आकड्यावरून त्यांना निम्मी गोष्ट कळते.

तपासणीचं वेळापत्रक साधारण असं असतं. पहिली श्रेणी: पाच वर्षं दरवर्षी, नंतर दोन वर्षांतून एकदा. दुसरी श्रेणी: पाच वर्षं दर सहा महिन्यांनी, नंतर दरवर्षी. गाठ पूर्ण निघाली नसेल, तर बहुधा किरणोपचारही. तिसरी श्रेणी: किरणोपचार आणि दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, तीही कायम.

तारीख ठरवताना आपला हंगाम डॉक्टरांना सांगा. मार्चमध्ये मोहफूल, मेमध्ये तेंदूपत्ता, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी आणि दिवाळीनंतर धानाची कापणी-मळणी. या दिवसांत दिलेली तारीख हमखास चुकते. वर्षातून एकदाच जायचं असेल, तर मळणी उरकल्यानंतरचा जानेवारी-फेब्रुवारी सोयीचा. तारीख महिनाभर मागेपुढे झाली तरी पहिल्या श्रेणीत बिघडत नाही. वर्षच गाळलं तर बिघडतं. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याचा उपयोग करा.

बायकांनी विचारायचा एक प्रश्न

मेनिंजिओमाच्या पेशींवर बहुधा प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाला प्रतिसाद देणारी केंद्रं असतात. सरकारी दवाखान्यात २०१७ पासून ‘अंतरा’ नावानं मोफत मिळणारं, दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन याच जातीच्या औषधाचं आहे. फ्रान्समधल्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास २०२४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. हे इंजेक्शन वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्या स्त्रियांत शस्त्रक्रिया लागणाऱ्या मेनिंजिओमाची शक्यता पाचपटीहून अधिक दिसली. वर्षाच्या आत थांबलेल्यांत अशी वाढ दिसली नाही. त्याच वर्षी युरोपच्या औषध नियामकांनीही या औषधाबाबत इशारा दिला.

पाचपट ऐकून घाबरू नका. मूळ प्रमाणच इतकं कमी आहे, की पाचपट होऊनही ते कमीच राहतं. आणि नको असलेलं बाळंतपण, त्यातला रक्तक्षय हा आपल्या भागातला रोजचा धोका आहे. आपल्या मनानं इंजेक्शन सोडू नका. मात्र मेनिंजिओमाचं निदान झालं असेल किंवा पूर्वी होऊन गेला असेल, तर अंतरा घेऊ नका आणि आशाताईंना व डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. तांबी, निरोध, नसबंदी हे पर्याय आहेत. मुरुमांवर किंवा पाळीसाठी सायप्रोटेरॉन असलेल्या गोळ्या चालू असतील, तर त्याही दाखवा. गरोदरपणात गाठ फुगू शकते. मूल हवं असेल, तर आधी मेंदूच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.

बाकी कारणांत लहानपणी डोक्याला दिलेले किरण हे पक्कं कारण आहे. न्यूरोफायब्रोमॅटोसिस टू या आनुवंशिक आजारात अशा अनेक गाठी होतात. बाकी बहुतेकांत गाठ घराण्यातून येत नाही, त्यामुळे मुलाबाळांचे एमआरआय काढत बसायची गरज नाही. मोबाइलमुळे ही गाठ होते असं सिद्ध झालेलं नाही.

शस्त्रक्रियेला निघण्याआधी

सिकलसेलची तपासणी झाली नसेल, तर ती आधी करा. चंद्रपूर-गडचिरोलीत हा दोष अनेक कुटुंबांत आहे. भूल देताना प्राणवायू, पाणी आणि शरीराचं तापमान सांभाळलं नाही, तर सिकलसेलचा रुग्ण गंभीर होऊ शकतो. कार्ड असेल, तर ते भूलतज्ज्ञाच्या हातात द्या.

पैशांसाठी शेत विकण्याआधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. आता ती आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली आहे. रेशन कार्ड कोणत्याही रंगाचं असो, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार अंगीकृत रुग्णालयात मोफत मिळतात. रेशन कार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. शस्त्रक्रियेआधी योजनेची पूर्वमंजुरी मिळाली आहे का, ते विचारून घ्या. १५५३८८ या क्रमांकावर कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते कळतं. नंतरच्या वर्षांतले एमआरआय योजनेत येतातच असं धरू नका, ते वेगळं विचारा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आणि नागपूरच्या एम्समध्ये ते खाजगीपेक्षा बरेच स्वस्त पडतात.

घरी आल्यावर

झटक्याची गोळी एकही वेळ चुकवायची नाही आणि महिना संपायच्या आत पुढची आणायची. गोळी बंद करायचा निर्णय डॉक्टरांचा. सूज कमी करणारं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड एकदम थांबवू नका. ते पायरीपायरीनं कमी करतात. त्यानं साखर वाढते, म्हणून मधुमेह असलेल्यांनी साखर तपासत राहावं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर, झाडावर चढणं, विहिरीचा काठ, तलावातली मासेमारी आणि एकट्यानं जंगलात जाणं बंद.

खालीलपैकी काही दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा: ताप आणि मान आखडणं, जखमेतून पू किंवा नाकातून पाण्यासारखं गळणं, एका पायाची पोटरी सुजून दुखणं किंवा अचानक दम लागणं (या शस्त्रक्रियेनंतर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते), वाढत जाणारी गुंगी, पुन्हा झटका, नव्यानं आलेली कमजोरी किंवा अंधूक नजर.

घरातल्या एका माणसाकडे, शक्यतो ज्याला वाचता येतं आणि जो कामासाठी बाहेरगावी जात नाही अशाकडे, फाइल सोपवा. तिच्यात सहा गोष्टी हव्यात: पहिला एमआरआय, शेवटचा एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, पॅथॉलॉजीचा कागद, चालू गोळ्यांची यादी आणि पुढच्या तपासणीची तारीख. हे सहा कागद आणि चित्रांचा पेनड्राइव्ह सोबत असला, तर रुग्ण नागपुरात जावो की सेवाग्रामला, पहिल्या भेटीतच डॉक्टर त्याला उत्तर देऊ शकतात. नाहीतर पहिली खेप फक्त तपासण्या नव्यानं लिहून घेण्यात जाते.